धाकट्याला सांभाळणारी ताई आणि चुल्लपंथकाचे फडके

रोडपालीत पहाटे पाचला घराघरांतले दिवे लागतात. लोखंड बाजारात माथाडीचे काम करणारे, तळोजा एमआयडीसीत कंत्राटावर जाणारे वडील डबा घेऊन निघतात. आई खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी करायला सातच्या आत बाहेर पडते. त्यानंतर धाकट्याला उठवणे, भरवणे, त्याची ओली चड्डी बदलणे, तो रस्त्याकडे पळू नये म्हणून दाराशी बसून राहणे, हे काम कोण करते? आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत उत्तर एकच आहे. ताई. कुठे ती सोळा वर्षांची आहे, कुठे अकरा. क्वचित एखाद्या घरी दादा असतो.

धाकटे भावंड सगळ्याच घरांत मोठी भावंडे सांभाळतात, त्यात नवे काही नाही. पण इथे धाकटा पाच वर्षांचा झाला तरी बोलत नाही. किंवा बोलतो, पण आपण विचारलेले वाक्यच परत म्हणतो. कुणी एका जागी दोन मिनिटे बसत नाही. कुणी चिडला की स्वतःचा हात चावतो, डोके भिंतीवर आपटतो. शाळेने सांगितलेले असते, याला उद्यापासून पाठवू नका. शेजारची बाई म्हणते, पोरगं लाडावलंय. आजी म्हणते, बाहेरची बाधा आहे. आणि ताई नववीची पुस्तके बाजूला ठेवून त्याला मांडीवर धरून बसलेली असते.

अशा मुलांसाठी आपल्याकडे पूर्वी सरसकट 'मतिमंद' हा एकच शब्द होता, किंवा त्याहून वाईट शब्द. खरे तर त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बौद्धिक अक्षमतेत शिकण्याची गती कमी असते, पण मूल शिकत राहते. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, यात बोलणे, नजर देणे, इतरांत मिसळणे वेगळे असते आणि आवाज, उजेड, स्पर्श सहन होणे कमी-जास्त असते. अतिचंचलतेत लक्ष टिकत नाही आणि मनात आले की मूल करून मोकळे होते. मेंदूच्या पक्षाघातात, म्हणजे सेरेब्रल पाल्सीत, हातपाय आखडतात, पण बुद्धी उत्तम असू शकते. एकाच मुलात यातल्या दोन गोष्टी असणेही नेहमीचे आहे. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच भागांत 2 ते 9 वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, ती 2018 साली प्रसिद्ध झाली. ऐकण्या-पाहण्याचे दोष आणि फिट्स धरून मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचण सुमारे आठ मुलांमागे एकाला होती. म्हणजे एका चाळीत दोन-तीन घरे निघावीत. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण दार लावून घेतलेले असते.

राजगृहातली दोन भावंडे

मोठ्या भावंडाने धाकट्याला शिकवायला घेतले आणि ते जमले नाही, याची एक गोष्ट आपल्या धम्मातच आहे. चुल्लपंथकाची. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणि जातककथेत ती येते. विहारात ती सांगताना बहुधा शेवटचा चमत्कार रंगवून सांगतात. आम्हाला तो भाग सोडून बाकीची गोष्ट मोलाची वाटते.

राजगृहातल्या एका धनिक श्रेष्ठीची मुलगी घरच्या दासाबरोबर पळून गेली. दोघांना दोन मुलगे झाले, दोघेही प्रवासात, वाटेवर जन्मले. म्हणून थोरला महापंथक, धाकटा चुल्लपंथक. पुढे मुले आजोबांकडे वाढली. थोरला आजोबांबरोबर भगवान बुद्धांच्या प्रवचनाला जाऊ लागला, भिक्खू झाला आणि अर्हतपदाला पोचला. आपल्याला मिळाले ते धाकट्यालाही मिळावे म्हणून त्याने चुल्लपंथकाला संघात आणले आणि चार ओळींची एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने गेले. पुढची ओळ पाठ करावी तर मागची पुसली जाई. थोरला स्वतः हुशार, त्याच्या संयमाला मर्यादा. अखेर त्याने सांगितले, तुझ्याने होणार नाही, तू घरी जा.

त्याच वेळी वैद्य जीवकाने आपल्या आम्रवनात भिक्खूसंघाला भोजनाचे आमंत्रण दिले होते. किती भिक्खू येणार हे ठरवण्याचे काम महापंथकाकडे होते. त्याने धाकट्याला मोजलेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चुल्लपंथक विहार सोडून निघाला तेव्हा भगवान बुद्ध त्याला दाराशी भेटले. त्यांनी त्याचा हात धरला, त्याला परत आत आणले आणि एक स्वच्छ फडके त्याच्या हातात दिले. पूर्वेकडे तोंड करून बस, हे फडके चोळत राहा आणि एकच शब्द म्हणत राहा, 'रजोहरणं', म्हणजे मळ काढणे. घामाने, हाताच्या मळाने फडके मळत गेले. पांढरे फडके मळताना पाहून चुल्लपंथकाला ते कळले जे चार महिन्यांच्या पाठांतरातून कळले नव्हते. तिकडे जीवकाच्या घरी वाढप सुरू झाले, तर बुद्धांनी भिक्षापात्रावर हात ठेवला. विहारात अजून कुणी राहिले आहे, असे त्यांनी सांगितले. चुल्लपंथकाला बोलावून आणीपर्यंत वाढप थांबले.

चुल्लपंथकाला आजच्या भाषेत अमुक आजार होता असे आम्ही म्हणत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला तपासायला कुणी जाऊ शकत नाही. पण बुद्धांनी काय केले ते स्वच्छ दिसते. त्यांनी मुलगा बदलला नाही, रीत बदलली. कानाने शिकत नव्हता, त्याला हाताने आणि डोळ्याने शिकवले. चार ओळींऐवजी एक शब्द दिला. आज स्वमग्न आणि गतिमंद मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांची पद्धत याहून फार वेगळी नाही.

आणि महापंथक? तो दुष्ट नव्हता. भावाचे भले व्हावे म्हणूनच त्याने त्याला आणले होते. तो थकला होता, त्याला दुसरी रीत कुणी दाखवली नव्हती आणि चार महिने तो एकटाच शिकवत होता. आपल्या वस्तीतली ताई त्याच जागी उभी आहे, फक्त ती अर्हत नाही, ती आठवीत आहे.

अट्ठकथेत पुढे असेही आहे की मागच्या जन्मी चुल्लपंथकाने एका मंद भिक्खूची टिंगल केली म्हणून त्याला हे भोगावे लागले. हा भाग आपण बाजूला ठेवायचा. मागच्या जन्मीच्या पापाची शिक्षा या जन्मी, हा विचार बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. हाच विचार सांगून आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते. मूल असे जन्मले यात मुलाचे, आईचे किंवा कुणाच्या जन्माचे पाप नाही. काही वेळा कारण सापडते: बाळंतपणात प्राणवायू कमी पडणे, फार लवकर जन्म, जन्मानंतरची जास्त कावीळ, मेंदूज्वर, थायरॉइडची जन्मजात कमतरता, गुणसूत्रांतला बदल. काही वेळा कारण सापडतच नाही. आईने मोबाइल पाहिला म्हणून किंवा ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे होत नाही.

हट्ट नव्हे, बोलणे

ज्याला शब्द नाहीत, तो अंगाने बोलतो. ही एक गोष्ट घरात सगळ्यांना पटली तर निम्मे काम होते. किंचाळणे, चावणे, वस्तू फेकणे यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक कारण असते. काहीतरी हवे आहे, काहीतरी नको आहे, कुणीतरी माझ्याकडे पाहावे, किंवा अंगालाच काही होते आहे. कोणते, ते ओळखायला एक वही पुरते. वहीत तीन रकाने आखायचे: आधी काय झाले, मग त्याने काय केले, नंतर आपण काय केले. वेळ आणि ठिकाण लिहायचे. दोन आठवड्यांत आकृती दिसू लागते.

आम्ही पाहिलेल्या एका घरात सात वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी कान दाबून लोळायचा. सगळ्यांना वाटे, आई कामावरून आली की लाड हवेत. ताईने वही ठेवली. सहा दिवसांत लक्षात आले की तो कुकरच्या पहिल्या शिट्टीला सुरू होतो. दहा बाय बाराच्या खोलीत ती शिट्टी त्याच्या कानात खिळ्यासारखी जात होती. मग कुकर चढवला की ताई त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागली. लोळणे पूर्ण थांबले नाही, पण रोजचे आठवड्यातून एकदा झाले. दुसऱ्या एका घरी मुलगी अचानक गालावर थापडा मारून घेऊ लागली. तिची दाढ किडली होती. वागणे अचानक बदलले तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. बद्धकोष्ठ, कानातला पू, जंत, अपुरी झोप यांनी ही मुले जास्त चिडतात, आणि दुखते कुठे हे सांगू शकत नाहीत.

मूल भडकले असताना समजावू नये, ओरडू नये, मारू तर मुळीच नये. त्या क्षणी त्याच्या कानात वाक्ये शिरत नाहीत. टीव्ही बंद करा, बघ्यांना बाहेर काढा, डोके आपटत असेल तर मध्ये उशी किंवा गोधडी धरा, आणि एक-दोन शब्दच बोला. काहींना घट्ट गोधडीत गुंडाळलेले आवडते, काहींना स्पर्शच नको असतो. ते तुमच्या घरच्या ताईला डॉक्टरांपेक्षा चांगले माहीत असते, तिला विचारा. तो शांत झाल्यावर पाणी द्या. नंतर, दुसऱ्या वेळी, त्याच गोष्टीसाठी एक खूण शिकवा: 'नको'साठी हात हलवणे, 'पाणी'साठी पेल्याचे चित्र. जुन्या वर्तमानपत्रातली, बिस्किटाच्या पुड्यावरची चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली की झाली कार्डे. त्याने चित्र दाखवले की ती वस्तू ताबडतोब द्यायची, निदान सुरुवातीला. चित्राने काम होते हे कळले की किंचाळण्याची गरज कमी होते. चित्रे दाखवल्याने मूल बोलायचे राहील ही भीती खोटी आहे, उलट बोलण्याला मदत होते.

शिकवताना चुल्लपंथकाचे फडके आठवावे. चड्डी घालणे हे आपल्याला एक काम वाटते, त्यात सहा-सात कामे आहेत. पाच तुम्ही करा, शेवटचे, म्हणजे गुडघ्यापासून वर ओढणे, त्याला करू द्या. ते जमले की त्याच्या आधीचे. शेवट त्याच्या हातून झाला की जमल्याचा आनंद त्याचा राहतो. दात घासणे, भाकरी मोडून खाणे, संडासला जाणे, सगळे याच रीतीने. रोजचा क्रम एकच ठेवा आणि चित्रांनी भिंतीवर लावा. उद्या आत्याकडे जायचे असेल तर आज आत्याचा फोटो दाखवा. अचानक बदल या मुलांना फार जड जातो.

पळून जाणाऱ्या मुलाबद्दल आम्ही जरा जोर देऊन लिहितो. कळंबोलीच्या रस्त्यांवर लोखंड घेऊन जाणारे ट्रेलर रात्रंदिवस चालतात, आणि रोडपालीत तलाव आहे. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि भीती कमी. दाराला मुलाच्या हाताच्या वर कडी लावा. शर्टाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने घरचा मोबाइल नंबर लिहा. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षावाले दादा, तलावाकडच्या टपरीवाल्या मावशी यांना मुलाचा चेहरा दाखवून ठेवा. मूल हरवले तर आधी पाण्याकडे धावा, मग इतरत्र.

धाकटी बहीण असेल तर आणखी एक. अंगाला हात लावणाऱ्याबद्दल ती सांगू शकणार नाही, हे वाईट माणसाला माहीत असते. आंघोळ, कपडे बदलणे हे आडोशाला आणि ठरावीक माणसांकडूनच होऊ द्या. पाळीसाठी एक-दोन वर्षे आधीपासून कापड किंवा पॅड लावून चालण्याची सवय करा. काही गैर घडल्याचा संशय आला तर 1098 वर फोन करा. दिव्यांग मुलीच्या असहायतेचा फायदा घेणे पोक्सो कायद्यात अधिक गंभीर गुन्हा धरला आहे.

कुठे जायचे

बाळ एक वर्षाचे झाले तरी बडबडत नाही, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. पहिली तपासणी कानांची. ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कसे? पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू जास्त वळतो, म्हणून लवकर सुरुवात हवी. पण मूल दहा वर्षांचे झाले म्हणून वेळ गेली असेही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. अंगणवाडी ताईंना तारीख विचारून मूल त्या दिवशी नक्की न्या. अडचण तेव्हा दाखवली नाही तर पथक निघून जाते. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवून पुढची चिठ्ठी घेता येते. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे, एनआयईपीआयडीचे, विभागीय केंद्र खारघरला आहे, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. वाशीचे ईटीसी केंद्र चांगले आहे, पण ते नवी मुंबई महापालिकेचे आहे आणि रोडपाली पनवेल महापालिकेत येते. तिथे जाण्याआधी प्रवेशाचे विचारून घ्या, नाहीतर दिवसाची मजुरी फुकट जाते.

केंद्रात आठवड्यातून एकदा पाऊण तास थेरपी मिळाली तरी खरी थेरपी घरी होते. म्हणून जो धाकट्याबरोबर सर्वांत जास्त असतो, त्यानेही केंद्रात आत बसून पाहावे. बहुतेक वेळा आई आत बसते आणि ताई बाहेर चपला सांभाळते. हे उलटे आहे.

औषधांबद्दल थोडे. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता मुळापासून घालवणारे औषध नाही. अतिचंचलता, झोप न येणे, फार मारकुटेपणा यांवर तज्ज्ञ डॉक्टर औषध देतात, त्याचा उपयोग होतो, पण ते मनाने चालू-बंद करायचे नाही. फिट येत असतील तर गोळ्या नियमित द्या आणि फिटमध्ये चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. हजारो-लाखोंची स्टेम सेलची सुई कुणी सुचवली तर घर गहाण टाकू नका. स्वमग्नतेसाठी ती देऊ नये असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 सालीच सांगितले आहे. आणि देवऋषी, भगत, दर्ग्याची साखळी, अंगारे-धुपारे? 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या घरांत याला जागा नसायला हवी, तरी संकटात पाय तिकडे वळतात हे आम्ही पाहतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मतिमंद मुलाच्या अंगात दैवी शक्ती आहे असे भासवून त्यावर धंदा करणेही त्याच कायद्यात बसते.

कागदांचे काम कंटाळवाणे आहे, पण करून ठेवा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांसाठी ऑनलाइन अर्ज करून रुग्णालयाची तारीख घ्यावी लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातली विशिष्ट अडचण हे सारे आले. 40 टक्के किंवा अधिक प्रमाण असेल तर 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी मागितला की बरेचदा नकार मावळतो. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान तहसील कार्यालयातून मिळते. नॅशनल ट्रस्टची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा देते आणि तीत थेरपीचाही खर्च बसतो.

ताईचे काय

बाबासाहेबांचे थोरले बंधू आनंदराव यांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली आणि भीमराव शिकले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. आई गेल्यावर पाठीला पोक असलेल्या आत्या मीराबाईंनी लहानग्या भीमाला सांभाळले, हेही सांगतो. त्याग मोठाच होता. पण दारिद्र्याने लादलेला त्याग आणि आपण सोयीसाठी मुलीवर टाकलेला त्याग यांत फरक आहे. दादाला क्रिकेटला सोडायचे आणि ताईला धाकट्याजवळ बसवायचे, ही विभागणी निसर्गाने केलेली नाही.

या मुलींच्या मनात काय चालते ते त्या सहसा सांगत नाहीत. धाकट्यावर जीव असतो. त्याचा रागही येतो, आणि राग आला म्हणून अपराधी वाटते. मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटते. आपण हसलो-खेळलो म्हणून तो असा झाला का, असा विचित्र प्रश्न लहानपणी पडलेला असतो, तो कुणी पुसलेला नसतो. पुढे माझ्या लग्नाचे काय, याचे काय, हा प्रश्न चौदाव्या वर्षीच पडतो. डोके दुखणे, झोप न लागणे, एकाएकी रडू येणे, अभ्यासात घसरण ही थकव्याची लक्षणे आहेत. तिलाही तपासायला न्या. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि तो धाकट्याइतकाच तिच्यासाठी आहे.

धाकट्याला काय झाले आहे हे तिला तिच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगा. सहा वर्षांच्या मुलीला 'त्याचा मेंदू हळू शिकतो, हे कुणामुळे झाले नाही, तुला होणार नाही' एवढे पुरते. तिचा रोजचा एक तास ठरवून द्या, ज्यात कुणीही तिला हाक मारणार नाही. रविवारची सकाळ वडिलांची. लोखंड उचलणारे हात मुलाला आंघोळ घालू शकतात. तिने सांभाळले की 'शहाणी माझी पोर' म्हणतो, त्याऐवजी कधी तिचा गणिताचा पेपर कसा गेला ते विचारा.

आणि विहार? आपल्याकडे जवळपास प्रत्येक वस्तीत विहाराची खोली आहे, आठवडाभर ती बहुतेक वेळ बंद असते. दोन महिलांनी शनिवारी दोन तास अशा मुलांना तिथे चटईवर बसवले, ठोकळे, कणीक, फडकी, पाण्याची बादली दिली, तर पाच-सहा घरांतल्या ताया तेवढा वेळ क्लासला जाऊ शकतात. यासाठी संस्था काढावी लागत नाही. वंदनेला अशा मुलाने मध्येच आवाज केला तर मागे वळून पाहू नये, एवढे तरी आपण करू शकतो. 14 एप्रिलच्या मिरवणुकीबद्दल आम्ही नेहमी बोलतो ते पुन्हा बोलू. डीजेच्या भिंतीपुढे स्वमग्न मूल अक्षरशः वेदनेने तडफडते. सकाळच्या ध्वजवंदनाला, खीर वाटायला त्याला जरूर आणा, निळा शर्ट घालून आणा. संध्याकाळी मिरवणूक ज्या गल्लीतून जाईल, त्या गल्लीत असे मूल कुठे आहे हे मंडळाच्या पोरांनी माहीत करून घ्यावे आणि त्या घरासमोर आवाज उतरवावा. त्या रात्री ताईला मात्र मिरवणुकीत नाचायला सोडा, धाकट्याजवळ कुणी मोठे थांबा.

शेवटचा कागद अठराव्या वर्षाचा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती सज्ञान झाली की 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली तिचा कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती हे करते, आपल्यासाठी ती अलिबागला. आईवडील असतील तोवर ते पालक होऊ शकतात, पुढे भाऊ किंवा बहीणही. पनवेलहून एसटीने अलिबागला जाऊन येण्यात दिवस जातो, म्हणून कागद पूर्ण करूनच निघा. अर्जात ताईचे नाव घालायचे असेल तर आधी तिला समोर बसवून विचारा. आणि दादालाही विचारा.